गार बॉनेट

पुण्यात आमच्या पार्किंगमधल्या हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्यांकडे आता कुणी मान वळवून पाहत नाही. गंगाखेडला काकांच्या गल्लीत मात्र तशी गाडी माझी पहिलीच. संध्याकाळी दारात पोचलो, तर काकांनी सवयीने बॉनेटवर हात ठेवला. पाहुणा थेट आला की आधी दुसरीकडे टेकून आला, हे ते असंच ओळखतात.

“गार आहे की. म्हणजे आधी धाकट्या काकाकडं जाऊन आलास.”

“विजेची गाडी अशी तापत नाही, काका. सरळ पुण्याहून आलोय.”

“असंल,” म्हणाले आणि काकांनी बॉनेटवर पुन्हा एकदा हात ठेवून पाहिला. धूर नाही, तसा पुरावाही नाही.

पुण्याला परतल्यावर एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, ऑफिसातून थेट घरी आलो. मी खाली जाऊन त्याच्या हिरव्या प्लेटच्या गाडीवर हात ठेवला. गार होती. वर येऊन मी त्याला पुन्हा विचारलं.