परवच्यातलं विज्ञान

आठवीचा निकाल लागला त्या दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं, की मी विज्ञान घेणार. माझी शाळा मुलींची, तिथे नववीला विज्ञान नव्हतं, गृहविज्ञान होतं. म्हणजे लोकरीचे टाके, आजाऱ्याचा आहार आणि पडद्यांना कुठला रंग शोभतो ते. मला त्या पडद्यांचा मनापासून राग होता. आमच्या घराला एकच खिडकी होती आणि तिला जुन्या धोतराचा तुकडा लावलेला होता.

विज्ञान शिकायचं तर मुलांच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, जावं लागे. तिथे मुलींसाठी चार जागा होत्या, आणि त्या देण्याआधी विज्ञानाचे मास्तर स्वतः समोर बसवून तोंडी परीक्षा घेत. त्यात उडालं की मुकाट्याने लोकर आणि सुया.

बाबा झाशीला रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते. आम्ही मूळचे भुसावळकडचे. बदली झाली तेव्हा मी तीन वर्षांची होते. दाराबाहेर सगळं हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. आई मराठी चौथी शिकलेली. झाशीत आल्यावर तिने बरंच काही सोडलं, पण परवचा सोडला नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की हातपाय धुऊन समोर बसायचं आणि म्हणायला लागायचं. आधी श्लोक, मग तीसपर्यंत पाढे, मग महिने, मग नक्षत्रं. सगळं एका चालीत, एका दमात. मध्ये अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या भाभीजी म्हणायच्या, "इनके यहाँ रोज़ आरती होती है."

विज्ञानाचं ते हिंदी पुस्तक मी कॉलनीतल्या एकाकडून मागून आणलं होतं. त्याच्या शेवटच्या पानांवर शंभर शब्द आणि त्यांच्या व्याख्या होत्या, अकारविल्हे लावलेल्या. त्यांच्यापुढे 'क्या आप जानते हैं' म्हणून दोन पानं. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात, पारा हा धातू असून पातळ असतो, असलं सगळं. आईने ती पानं चाळली आणि म्हणाली, "एवढंच ना? घालू परवच्यात."

आणि घातलंही. नक्षत्रं संपली की त्याच चालीत अणु, अपवर्तन, अम्ल, अयस्क. मी म्हणायची आणि आई पुस्तक धरून बसायची. महिनाभरात पुस्तक मिटूनच तिला माझी चूक कळायला लागली. दोन महिन्यांत शंभरच्या शंभर शब्द मला पाठ झाले. मी तर हवेतच होते. कॉलनीतल्या मुलांना उभं करून ऐकवायची, आणि ती बिचारी घाबरून पळून जायची.

परीक्षेच्या दिवशी मास्तरजींनी मला बसवलं, चष्मा पुसला आणि साधा प्रश्न विचारला, "बेटी, घर्षण क्या है?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की मला घर्षण येत नाही. म्हणजे येत होतं, पण त्याच्या आधीचे सगळे शब्द म्हटल्याशिवाय येत नव्हतं. मी डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. अणु, अपवर्तन, अम्ल... मास्तरजी थांबले. खिडकीतून दोन मुलं डोकावली. अखेर मी घर्षणाशी पोचले आणि व्याख्या घडाघडा म्हटली.

"अच्छा. और ऊष्मा?"

ऊष्मा मागे राहिली होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खिडकीतली मुलं खिदळली. मास्तरजींनी हात वर करून मला थांबवलं. "घर्षण का कोई उदाहरण दो. अपने घर का."

उदाहरणं परवच्यात नव्हती. 

ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "तुम्हें विज्ञान का पाठ आता है, बेटी, विज्ञान नहीं. गृहविज्ञान भी अच्छा विषय है."

मी उठले नाही. कुठून धीर आला देव जाणे, पण खुर्चीची कड धरून बसूनच राहिले. "मास्टरजी, चौथी सीट भर गई?"

"नहीं."

"तो मुझे एक हफ़्ता दीजिए."

 "सोमवार को सूची लग जाएगी. उससे पहले आ जाना."

घरापर्यंत मी रडले नाही. घरी आले, आईने विचारलं कसं झालं, आणि मी तिच्यावरच उखडले. "तुझ्या त्या परवच्याने माझं वाटोळं केलं! त्यांनी काही मधलं विचारलं तर मी काय पहिल्यापासून गात बसू?" आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. त्या संध्याकाळी दिवा लागला, पण मला कुणी हाक मारली नाही. त्यानंतरचे सहा दिवसही नाही. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पण तेव्हा मला फक्त सोमवार दिसत होता.

मी शंभर शब्द शंभर चिठ्ठ्यांवर लिहिले आणि पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकले. नियम असा, की डबा हलवायचा, हाताला येईल ती चिठ्ठी काढायची आणि तो शब्द घरात कुठे आहे ते शोधून त्याला हात लावायचा. नुसती व्याख्या म्हटली तर चिठ्ठी परत डब्यात. पहिल्या दिवशी नऊ चिठ्ठ्या बाहेर राहिल्या. बाष्पीकरण दोरीवरच्या साडीत सापडलं. ऊष्मेचा चालक, म्हणजे उष्णतेचा वाहक, सांडशी न घेता उचललेल्या पातेल्यात सापडला, आणि तळहाताला फोड आला. अम्ल लिंबात होतं. घर्षणाचं मात्र नुसत्या काडेपेटीवर भागेना. मला त्याहून मोठं काहीतरी हवं होतं.

बाबांचा डबा घेऊन शेडच्या फाटकाशी गेले तेव्हा त्यांना विचारलं. बाबांचं काम रेती वाळवण्याचं. नदीची रेती भट्टीवर भाजून, चाळून इंजिनाच्या पेटीत भरायची. मला ते काम कधी सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. कुणी विचारलं की मी म्हणायची, शेडमध्ये आहेत.

"पावसात रूळ ओला झाला की चाक जागच्या जागी गरगर फिरतं," बाबा म्हणाले. "गाडी हलत नाही. मग डायवर नळीतून चाकापुढे रेती सोडतो. रेती खाली सापडली की चाक धरतं."

"आणि रेती ओली असली तर?"

"तर नळीत अडकेल. मग मी कशाला आहे इथे?" असं म्हणून त्यांनी डबा उघडला. त्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नसावं.

शनिवारी डब्यात अकरा चिठ्ठ्या उरल्या होत्या. रविवारी सकाळी 'घनत्व' निघाली. एकक आयतन का द्रव्यमान, म्हणजे एकक आकारमानातलं वस्तुमान. मी सगळं घर शोधलं, हात लावायला काही मिळेना. आई ताक घुसळत होती. तिने रवी थांबवली, भांड्यात गार पाण्याचा हबका मारला, आणि लोणी गोळा होऊन वर आलं. मी तिथेच बसून बघत राहिले. रोज सकाळी बघत होते, तरी पहिल्यांदाच बघितल्यासारखं. आईला सांगावंसं वाटलं, पण आम्ही अजून बोलत नव्हतो. मी चिठ्ठी बाजूला ठेवली, तेवढंच.

सोमवारी सकाळी शाळा उघडायच्या आधी मी दारात होते. मास्तरजींनी मुद्दाम उलटसुलट विचारलं, आधी शेवटचे शब्द, मग मधले. मग तोच प्रश्न आला. "घर्षण. अच्छा होता है कि बुरा?"

"दोनों. मशीन में तेल डालते हैं कि कम हो. पटरी पर रेत डालते हैं कि ज़्यादा हो."

"यह किताब में कहाँ लिखा है?"

"किताब में नहीं है. मेरे पिताजी शेड में रेत सुखाते हैं."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि जोरात म्हटलं. मास्तरजी जरा हसले. "बर्फ पानी पर क्यों तैरती है?"

"उसका घनत्व पानी से कम है. जैसे मट्ठे पर मक्खन. माँ रोज़ निकालती है."

त्यांनी यादी ओढली आणि चौथ्या ओळीवर माझं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं." बस्, तेवढंच. संध्याकाळी तिने दिवा लावला आणि मी हातपाय धुऊन आपणहून समोर जाऊन बसले. माफी मागायची होती. ती काही तोंडातून निघेना, म्हणून मी सकाळचे प्रश्नच सांगत सुटले. लोण्याशी आले तेव्हा आईने मला थांबवलं.

"म्हणजे घनत्व ते?"

"हो."

"दोन महिने मी म्हणतेय ते," आई म्हणाली. "शंभरच्या शंभर मला पाठ आहेत. एकाचाही अर्थ मला ठाऊक नव्हता. तू सांगितला नाहीस, आणि मी कशी विचारणार?"

 आई उठली, पोह्यांचा डबा घेऊन आली आणि मला हाताने बाजूला सारून दिव्यासमोर माझ्या जागी बसली.

"आता मला विचार," ती म्हणाली. "आणि ओळीने नको. डबा हलवून घे."