दत्ताच्या मनगटातली खोट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दत्ताला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आम्हा दोघांनाही ओळखत नाही — आणि आता पोटात ठेवणं जमत नाही.

दत्ता बिडकीनचा. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. मी कॅचर — बॅटरच्या मागे उकिडवं बसून तो झेलणारा. कॉलेजपासून आमची जोडी. आपल्याकडे बेसबॉल म्हटलं की लोक आधी हसतात. त्याच खेळावर या माणसाने परदेशात पगार घेतला, हे आमच्या शहरातल्या क्रांती चौकात उभं राहून ओरडलो तरी कुणाला पटायचं नाही. दत्ताचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही. का ऐकलेलं नाही, ते मला माहीत आहे.

थांबा, आधी एक सांगायला हवं. कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांनी सुचवतो, मांड्यांच्या आड. एक बोट म्हणजे सरळ, वेगवान. दोन म्हणजे वळणारा. पिचर मान हलवतो. बॅटरला ते कळता कामा नये, एवढ्यावरच सगळा खेळ असतो.

बाहेरच्या देशातल्या एका व्यावसायिक लीगची माणसं खेळाडू निवडायला आली होती. गारखेड्यात, मैदानावर चाचणी. दत्ताची चौकशी त्यांनी आधीच केलेली. मी माझं नाव सांगायला गेलो, तर एकाने मान वर न करता सांगितलं, तुम्ही फक्त याचे चेंडू झेला. फक्त झेला! इतकी वर्षं त्याचे चेंडू घेऊन माझी बोटं वाकडी झाली होती. मला हेवा वाटला. दुसरा शब्द कशाला शोधू?

पहिला बॅटर उभा राहिला. मी दोन बोटं दाखवली. दत्ताने मान हलवली. आणि मी — ग्लोव्ह तोंडाशी नेऊन, हळूच — बॅटरला म्हणालो, "वळणार."

त्याने तो लांब टोलावला. पुढच्यालाही सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही. त्यांचीही निवड चालू होती, ते कशाला तोंड उघडतील? दत्ता टोपी काढून घाम पुसत माझ्याकडे बघत होता. मी काय केलं? परत बोटं दाखवली.

तुम्ही म्हणाल, तरुण वय, रागाच्या भरात झालं असेल. एवढंच असतं तर मीही तेच म्हणत बसलो असतो. पण एवढंच नाही.

निवडायला आलेल्यांना तरीही दत्ताचा वेग आवडला होता. घेतलं त्याला. फक्त जाताना म्हणाले, चेंडू सुटायच्या आधीच ओळखू येतोय, कुठे चुकतंय ते शोध. तो सरळ माझ्याकडे आला. "तू मागं बसतो राव. खरं सांग, काय दिसतं तिथून?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "मनगट उघडं पडतं तुझं. वळणाऱ्या चेंडूला आधीच फिरतं."

त्याच्या मनगटात काही खोट नव्हती. मी स्वतः बोटं दाखवली नसती तर कोणता चेंडू येतोय ते मलाही कधी ओळखता आलं नसतं.

नसलेली खोट काढायला दत्ताने फेकायची पद्धतच बदलली. जायच्या आधी रोज सराव — आणि झेलायला मी. वेग उतरत चाललेला माझ्या तळहाताला कळत होता. कोपर दुखायला लागलं तेव्हा म्हणाला, नवीन सवय हाय, दुखणारच. मी हो म्हणालो. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोललो.

तिकडे जेमतेम एक हंगाम, तोही बहुतेक वेळ बाकावर बसून. मग कोपराचं ऑपरेशन, आणि करार संपला. आता तो बिडकीनजवळच्या एका कंपनीत शिफ्ट करतो. उजवा हात पूर्ण सरळ होत नाही.

मध्यंतरी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला गेलो होतो. घरभर पाहुणे. दत्ताने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. "वाहवा करणारे लई भेटले," तो म्हणाला. "चूक तोंडावर सांगणारा ह्यो एकटाच."

सगळे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. मी हसलो. त्याचा हात खांद्यावर तसाच राहू दिला.