जिन्यातला वास
तव्यावर सुकट परतताना मला एचएसआर लेआउटमधलं भाड्याचं घर आठवतं. ते मिळावं म्हणून मी शाकाहारी असल्याचं सांगितलं होतं. तरी महिन्यातून एकदा खिडक्या लावून सुकट करायचेच. एका दुपारी बेल वाजली. मी गॅस बंद करून दार जेमतेम उघडलं, तर कानडी मालक नाक दाबून जिन्यात उभा. "अक्का, स्वल्प सहन करा. वरच्या मणिपूरच्या पोरीचं काम. हे लोक काय काय शिजवतात. या महिन्यात काढतोच तिला." मी त्याच्याच भाषेत 'बरं' म्हटलं, "सरी." ती मुलगी शहरातल्या परप्रांतीयांवर पीएचडी करत होती. महिनाअखेरीस सामान टेम्पोत चढवून ती माझ्याकडे आली. "आंटी, माझ्या सर्व्हेचा तुमचा फॉर्म राहिलाय. आणि मालकांना सांगा, माझ्या खोलीत गॅसच नाही, मी मेसमध्ये जेवते." शेवटचा प्रश्न होता, या इमारतीत कुणाला वेगळी वागणूक मिळताना पाहिली का? मी 'नाही' लिहिलं. तिने ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि आभार मानले. तिचा प्रबंध आता एखाद्या ग्रंथालयात असेल, आणि माझं उत्तर त्यात खरं म्हणून धरलेलं असेल.