दोन चहा आणि कोरा कागद

ट्रंककॉल आला तेव्हा मी धुळ्याच्या शाळेत सातवीला क्षेत्रफळ शिकवत होतो. सायकल पंक्चर काढायला दिली होती, जाताना मेथी न्यायची होती. हेडमास्तरांनी फोन हातात दिला. जळगावहून शेजारी बोलत होते. भाऊ गेला. मी वर्गात परतलो, फळा पुसला आणि निघालो.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. जळगावात त्याचं गॅरेज. दहाव्याला मंडळी तिथेच जमली. पहिले तीन दिवस कुणी बोलत नाही, पाचव्या दिवशी कुणीतरी चुकून हसतं, आणि दहाव्यापर्यंत किस्से जुन्या टायरसारखे एकावर एक रचले जातात. खालचा ओढावा तर वरचे चार अंगावर!

*

भाऊची एक पद्धत होती. दुरुस्ती झाली की गाडीखाली कोरा कागद अंथरायचा, समोर खुर्ची टाकून दोन चहा प्यायचे. तोवर कागद कोरा राहिला तरच गाडी बाहेर. "माझ्या हातची गाडी टिपूस गाळत नाही," हे तो घरी आलेल्या पाहुण्यांनाही सांगायचा.

एकदा कागदावर काळपट थेंब दिसला. भाऊने अर्धी गाडी उघडली. तेव्हा शेजारचे टायरवाले आबा हळूच म्हणाले, "अरे, तो माझा चहा. कप जरा फुटका होता."

त्या दिवसापासून आबांचा चहा गॅरेजच्या बाहेर!

*

भाऊची लाज काढली ती एकाच गाडीने. केळीवाल्या शेठजींचा पिकअप. माझ्या लग्नाचं वऱ्हाड भडगावला त्याच गाडीतून गेलं होतं. त्यानंतर महिनाभरात गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचं ऑइल सील गळायला लागलं. सील म्हणजे रबरी कडेची एक कडी. फिरणारा दांडा बाहेर येतो तिथे तेल अडवून धरते.

शेठजी भला माणूस. म्हणाले, "मिस्त्रीजी, दुकानासमोर रोज काळी रांगोळी पडते. घरचे म्हणतात, निदान रंग तरी बदला!"

भाऊने नवं सील टाकलं. दोन चहा झाले, कागद कोरा. तिसऱ्या दिवशी शेठजींचा ड्रायव्हर सुकदेव दारात उभा.

"भाऊ, बठ्ठं तेल रावेरना रस्तावर शे!" म्हणजे सगळंच्या सगळं रस्त्यावर.

*

दुसरं सील भाऊने दिवसभर तेलात भिजत ठेवलं. लाकडी ठोकळ्याने ते बसवताना कुणी बोलायचं नाही, शिंकायचं नाही. आबांना शिंक आली, ती ते रस्ता ओलांडून पलीकडे देऊन आले. कागद पुन्हा कोरा. चार दिवसांनी पुन्हा रांगोळी.

"उलटं बसवलं असशील," आबा म्हणाले.

भाऊने आबांशी बोलणं टाकलं. दोघांची दुकानं एका भिंतीला लागून, मधे सुकदेव उभा.

"सुकदेव, भाऊला सांग, त्याचा पाना माझ्याकडे आहे."

"सुकदेव, आबांना सांग, मला ऐकू आलं!"

*

तिसरं सीलही गळलं तेव्हा शेठजी अगदी संकोचून म्हणाले, "धुळ्याला कुणी चांगला मिस्त्री आहे, म्हणतात."

भाऊ जेवला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आज सापडलं नाही तर पाटी उतरवतो." गाडीतलं पायाखालचं पत्र्याचं झाकण काढून, गिअरबॉक्सकडे डोळे लावून तो सुकदेवच्या शेजारी बसला आणि रावेरला जाऊन आला. गाडी तापताच सीलमधून तेल उडालं; परतला तो कपाळापासून सदऱ्यापर्यंत माखलेला. वहिनी दारातूनच ओरडल्या, "आत नका येऊ! आधी कागदावर उभे राहा, दोन चहा होऊ द्या!"

*

त्या दिवशी मी सुट्टीत आलेलो होतो. भाऊने मला हाक मारली, "मास्तर, बॅटरी धर."

गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवेसाठी बारीक भोक असतं. ते बंद झालं तर गाडी तापल्यावर आतली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. उभ्या, थंड गाडीखाली कागद कोराच राहतो. सील बदलतात खालून. वर बघणार कोण? भाऊने तारेने त्या भोकातून एक चिंधी ओढून काढली. तेलातही पिवळी दिसत होती. हळदीची.

सगळे सुकदेववर तुटून पडले. "माय शप्पथ भाऊ, मी नही!"

भाऊने चिंधी उजेडात धरली. "सुकदेव, तुला हळद कधी लागली रे?"

"माले कोन पोर दी, भाऊ!"

गॅरेज हसलं. भाऊने एकदा माझ्याकडे पाहिलं, चिंधीची घडी करून खिशात टाकली आणि गाडी न्यायला आलेल्या शेठजींना म्हणाला, "चूक आमची, शेठजी. सुकदेवची नाही. सील तिन्ही चांगली होती."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने चूक कबूल केली होती. आबांचा चहा त्या दिवशी आत आला.

दहाव्याला सुकदेवने हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "ती चिंधी कोनी व्हती, आजपावत समजनं नही!" सगळे हसले. मीही हसलो.

वऱ्हाड भडगावला जाताना गिरणा नदीच्या उतारावर गुडघाभर पाणी होतं. भाऊ आणि सुकदेव काठ्या घेऊन पुढे खोली बघत होते. गाडीत पुढे मी एकटाच, हळदीच्या धोतरात. गिअरबॉक्समध्ये पाणी जाता कामा नये, असं भाऊ नेहमी सांगायचा. मी पायाखालचं झाकण उचललं, धोतराचा काठ फाडून भोकात कोंबला. लग्नाच्या गडबडीत काढायचं विसरलो.

भाऊला ते मी कधी सांगितलं नाही.