पिशवीतलं दुसरं रोप

सोनपेठजवळच्या आमच्या रोपवाटिकेत एका पिशवीत खैराच्या दोन बिया टाकतो. दोन्ही उगवल्या की दुबळं रोप उपटायचं, हा नियम माझा. कामावरच्या मावशी तो पाळतात, पण उपटलेलं रोप त्यांच्या पदरात जातं.

"फेका की, मावशी."

"फेकायलेच की, ताई!" म्हणत त्या ते घरी नेतात आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत लावतात.

माळावर लागवडीला निघालो, तेव्हा मावशी टेम्पोत बसल्या आणि त्यांनी घरी वाढवलेली आपली सगळी रोपं वर मागवली.

"आता जागा नाही, मावशी. ही दुबळी रोपं राहू द्या."

"लय शिस्त बाई तुमची!" मावशी खाली उतरल्या आणि त्यांनी आपल्या जागेवर रोपं बसवली. "जाऊ द्या ह्यांना. मी येते मागून चालत. मला पाय हायत."