यष्टीमागची मुलगी

शाळेच्या बसचा ड्रायव्हर गाडी अशी पुसायचा, जशी काही ती त्याच्या वडिलांनी मागे ठेवलेली. गाडी ठेकेदाराची, तिच्यावरचा रंग शाळेचा आणि पगार ठेकेदाराच्या मर्जीवर. ड्रायव्हरचं म्हणावं असं तिच्यात एकच होतं, आरशाशेजारी लटकणारं पिवळं फडकं. तरी सकाळी मुलं चढायच्या आत पुढची काच इतकी लख्ख व्हायची, की गाडीवरची मावशी विचारायची, "काच आहे ना जाग्यावर, की काढून विकलीत?" मुलांना चढवणं-उतरवणं आणि स्वतःचं तोंड चालू ठेवणं ही मावशीची दोन कामं. दोन्ही ती चोख करायची.

मुलं त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांतली एक त्याची स्वतःची मुलगी होती, आणि तीही काकाच म्हणे.

हे त्यानंच ठरवलं होतं. मुलगी या शाळेत आली त्या पहिल्या सकाळी त्यानं तिला दाराशी थांबवून सांगितलं, की गाडीत मला बाबा म्हणू नकोस, उगाच पोरी चिडवतील. बायको भडकली. लेकीनं बापाला काका म्हणायचं म्हणजे काय, चोरी केलीय का आपण? तो म्हणाला, चार दिवस जाऊ दे, मग बघू. चार दिवसांची तीन वर्षं झाली. सगळ्या वर्गाला केव्हाच कळलं होतं, पण सवय राहिली ती राहिलीच. एकदा घरी जेवताना ती बोलून गेली, "काका, मीठ द्या." तिघंही हसले. मग बायकोनं मिठाची बरणी उचलून त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवली.

मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. आधी ती घराजवळच्या सरकारी शाळेत होती. शाळा सुटली की बापाला शोधत मोठ्या शाळेच्या मैदानावर यायची आणि संघाचा सराव संपेपर्यंत बसपाशी थांबायची. एक दिवस चेंडू सीमेपलीकडे तिच्या पायाशी आला. तिनं तो उचलून थेट यष्ट्यांवर फेकला. खेळाच्या सरांनी तिला परत फेकायला लावलं, मग आणखी एकदा. मग हातमोजे देऊन यष्ट्यांमागे उभं केलं. शाळेच्या मुलींच्या संघात फलंदाजी करायला सगळ्या तयार होत्या. यष्टीरक्षण कुणालाच नको होतं. चेंडू तोंडावर बसला तर आयांनी शाळा डोक्यावर घेतली असती. भिंगरीच्या आईला कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. ती औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरायच्या कारखान्यात दिवसभर उभी असायची. समोर काचेच्या खोलीत तिच्याहून लहान एक मुलगी खुर्चीवर बसून फोनवर इंग्रजीत बोलायची. पगार तिचा जास्त, आणि पाय दुखायचे हिचे. त्यामुळे सरांनी सांगितलं, की मोठ्या शाळेत जागा मिळेल, संघात आहे तोवर फी माफ, तेव्हा बायकोनं "संघात आहे तोवर" हे शब्द ऐकलेच नाहीत. ड्रायव्हरनं ऐकले. पण देणाऱ्याच्या हाताकडे बघावं, बोटं मोजू नयेत, असं म्हणून तोही गप्प बसला.

पहिली दोन वर्षं आनंदात गेली. शाळेच्या कपाटातले पॅड तिला मांड्यांपर्यंत यायचे, आईनं आतून कापडाची गादी शिवून ते बसवून दिले. तिच्या मागे चेंडू जात नाही असा बोलबाला झाला. मैदानाकडे तोंड करून गाडी उभी केली, की ड्रायव्हरला आपल्या जागेवरून सगळा सामना दिसायचा. एक फुकटचं तिकीटच ते.

मग जिल्ह्याच्या संघाची निवड आली. निवड व्हायची सुट्टीतल्या एका शिबिरातून. शिबिराला फी होती, साहित्य स्वतःचं लागे, आणि सकाळ-संध्याकाळ मुलीला सोडायला-आणायला घरची गाडी. नाकापेक्षा मोती जड. भिंगरी गेली नाही. जी यष्टीरक्षक निवडली गेली, तिच्या हातून दोनच आठवड्यांपूर्वी चार झेल सुटले होते. सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की मी स्वतः याच दारावरून परत आलेला माणूस आहे, दार उघडं असतं तर आज तुमच्या शाळेत शिट्टी वाजवत बसलो नसतो.

नववीत गोष्टी बिघडल्या. सराव शेवटच्या दोन तासांना, आणि शेवटचे दोन तास गणिताचे नाहीतर शास्त्राचे. सामन्याच्या दिवशी तर आख्खी शाळाच बुडायची. इतर मुलींना शिकवण्या होत्या; बुडालेलं घरी येऊन कुणीतरी भरून काढायचं. भिंगरी मैत्रिणींच्या वह्या मागून उतरवून घ्यायची, पण उतरवलेलं समजावणार कोण? बाप आठवीपर्यंत शिकलेला, आई त्याहून कमी, आणि सगळं इंग्रजीत. सहामाहीत ती गणितात पहिल्यांदा नापास झाली. जुन्या शाळेत याच विषयात ती पहिली यायची. निकाल तिनं जेवणं झाल्यावर ताटं उचलता उचलता सांगितला आणि मोरीत भांडी घासायला बसली. आई म्हणाली, खेळ थोडा कमी कर. ती आतूनच म्हणाली, "थोडा कमी केला तर फी थोडी घेतील का?"

उपांत्य सामन्यात ते घडलं. समोरच्या संघाची मोठी फलंदाज खेळत होती. चेंडू बॅटची कड घेऊन छातीच्या उंचीवर, अगदी सरळ भिंगरीच्या हातात गेला आणि खाली पडला. मुली कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. सुटलेल्या झेलानंतर यष्टीरक्षक चेंडूकडे बघते, नाहीतर हातमोज्यांकडे. भिंगरीनं आधी बसकडे पाहिलं.

ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून बसला होता, तो सरळ झाला. लहानपणी तिनं कपबशी चुकून फोडली तर ती तुकड्यांकडे बघून रडायची. रागानं फोडली तर आधी बापाकडे बघायची. थोड्या वेळानं दुसरा झेल सुटला, आणि पुन्हा ती मान बसकडे वळली. समोरच्यांनी याहून वाईट खेळ केला म्हणून शाळा कशीबशी जिंकली आणि शनिवारच्या अंतिम सामन्याला पात्र ठरली.

परतताना सर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर येऊन बसले. मागे मुली गाणी म्हणत होत्या. सर हळू आवाजात म्हणाले, की मुलीला घरी विचारा काय झालंय ते. शाळेचे वरचे लोक मला विचारतात, जागा दिली त्याच्या बदल्यात शाळेला काय मिळालं? आज मी दोन झेलांचं सांभाळून घेतलं. शनिवारी असंच झालं, तर पुढच्या वर्षीचं माझ्या हातात राहणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बोलतो सर." पुढच्या वळणावर त्यानं उगाचच हॉर्न वाजवला.

सगळ्या मुली उतरल्या, मावशी उतरली. भिंगरी नेहमी शेवटपर्यंत असायची; ठेकेदाराच्या आवारात गाडी लावून दोघं चालत घरी जात. त्यानं इंजिन बंद केलं, झाडू काढला आणि मागच्या सीटपासून झाडायला सुरुवात केली. ती मधल्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती.

"मुद्दाम सोडलेस ना?" त्यानं न वळता विचारलं.

"हो." ती म्हणाली, "सोपा झेल सोडायला केवढं कठीण जातं बाबा, तुम्हाला नाही कळणार. हात आपोआप मिटतात."

तिनं सगळा विचार करून ठेवला होता. दोन-तीन सामने वाईट गेले, की सर संघातून काढतील. मग शाळा फी मागेल, ती काही आपण भरू शकणार नाही. मग ती आपल्या जुन्या शाळेत परत जाईल, तिथे गणिताला बाई चांगल्या आहेत. बाबांवर कुणी बोट ठेवणार नाही, ठेकेदार काही म्हणणार नाही, आईही फार तर महिनाभर रडेल. मुलगी खेळात कच्ची निघाली, एवढंच. "मला ते वर नेणार नाहीत आणि खाली सोडणार नाहीत," ती म्हणाली. "मग मीच पडते."

ड्रायव्हर झाडता झाडता थांबला. लेकीनं सगळ्या बाजूंनी विचार केला होता, एक बाजू सोडून, आणि ती त्याला माहीत होती. सहामाहीचा निकाल लागल्यावर तो दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात गुपचूप जुन्या शाळेत जाऊन आला होता. घरी बोलला नव्हता. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, भिंगरीची आठवण काढली. मग म्हणाल्या, घेते मी तिला, आनंदानं घेते. पण तीन वर्षं गणित-शास्त्र तिनं दुसऱ्या भाषेत शिकलंय, तेही अर्धंमुर्धं. दोन वर्षं मागे बसवावं लागेल. मुलीला सोसेल का? आणि तुम्हाला?

हे त्यानं तिला सांगितलं. जसं ऐकलं तसं सांगितलं, त्यात गोडवा घातला नाही. फी भरायचं म्हटलं तर आईचा आणि त्याचा पगार एकत्र करून घरात चूल पेटवायची नाही, असं झालं तरी ती पुरी होत नव्हती, हेही सांगितलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती.

ती बराच वेळ समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनमधून स्पंज काढत राहिली. एरवी त्यानं कुणाही मुलाला दटावलं असतं.

"म्हणजे दहावी होईपर्यंत खेळायचंच?"

"दहावी होईपर्यंत."

"आणि खेळता खेळता दहावीत नापास झाले तर?"

त्यानं कचरा दारापाशी लोटला, सुपलीत भरला, खाली उतरून टाकून आला. परत वर चढला तेव्हा ती तशीच बसलेली होती. पायरीवर उभं राहून तो म्हणाला, "शनिवारी झेल सोडू नकोस."

असं वाक्य आपल्या तोंडून निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो विनवणी केल्यासारखं म्हणाला. तिनं दप्तर उचललं आणि त्याच्या बाजूनं खाली उतरली.

शनिवारी तिनं काहीही सोडलं नाही. डावीकडे झेप घेऊन एक झेल असा काढला, की समोरच्या शाळेचे पालकही उभे राहिले. एक फलंदाज पाऊलभर पुढे आली, तेवढ्यात हिनं बेल्स उडवल्या. मावशी त्या दिवशी हट्टानं आली होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बसच्या पायरीवर उभी राहून ती टाळ्या पिटत होती आणि ड्रायव्हरला कोपरानं ढोसत होती. "अहो, टाळ्या वाजवा की, हात काय गहाण ठेवलेत?" त्यानं वाजवल्या. भिंगरीनं दिवसभरात एकदाही बसकडे पाहिलं नाही.

शाळा जिंकली. परतीच्या वाटेवर सर पहिल्यांदाच गाडीत उभे राहून बोलले. भिंगरी पुढच्या वर्षी कर्णधार. आणि आता मोठ्या स्पर्धेला उतरायचं, तेव्हा दुपारच्या सरावाबरोबर सकाळचाही सराव, शाळा भरायच्या आधी, सोमवारपासून. मुलींनी गाडी दणाणून सोडली. सरांनी पुढे वाकून विचारलं, "काका, गाडी लवकर काढावी लागेल. जमेल ना?" आरशात त्याला लेकीचं डोकं दिसलं, मुली तिच्या गळ्यात पडत होत्या, त्यामुळे चेहरा दिसला नाही. तो म्हणाला, जमेल. ठेकेदार शाळेला नाही म्हणाला नसता, आणि ड्रायव्हरचं नाही शाळेनं ऐकूनही घेतलं नसतं.

बायकोला बातमी कळली तेव्हा तिनं कारखान्यातल्या चार जणींना सांगितलं, काचेच्या खोलीतल्या मुलीलाही. झेल सुटले कसे नि धरले कसे, यातलं तिला कुणी काही सांगितलं नाही.

सोमवारी अजून उजाडायचं होतं. बायकोनं चहा टाकला आणि म्हणाली, उठवा तिला. तो अंथरुणापाशी गेला. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. एक हात पांघरुणाबाहेर होता, मधल्या बोटाला चिकटपट्टी, बोट अंगठ्याएवढं सुजलेलं. त्यानं तिच्या खांद्याकडे हात नेला, पण खांद्याला लावला नाही. बायकोनं स्वयंपाकघरातून पुन्हा हाक मारली. तो नुसताच उभा राहिला.

"उठलेय मी," भिंगरी न वळताच म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. गाडी काढा."

तो गेला आणि त्यानं गाडी काढली.