फाटकाशी उभ्या बाई

वसतिगृहातल्या मुली तिला गमतीने कप्तान म्हणायच्या. नळावर रांग लावायची, वेळेवर दिवे मालवायचे, एवढंच काय ते तिचं राज्य. पण एकदा एका मुलीच्या अंगावर पुरळ उठलं आणि खोलीतल्या बाकीच्या मुलींनी तिची गादी सरळ जिन्यात फेकून दिली. वॉर्डनबाई बाहेरगावी होत्या. आपल्यालाही लागण होईल अशी भीती वाटत असूनही कप्तानने ती गादी उचलून स्वतःच्या खाटेशेजारी अंथरली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "उष्णतेचं आहे, जाईल." सगळ्याजणी ओशाळल्या. ती मुलगी मात्र सुट्टीत घरी गेली ती परतलीच नाही. आपण एकटीने पाठीशी उभं राहून भागलं नाही, ही सल कप्तानच्या मनातून गेली नाही.

पुढे ती एका वस्तीतल्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. एका वर्षी तापाची साथ आली आणि रस्त्याच्या कामावर आलेल्या मजुरांच्या, शाळेत येणाऱ्या मुलांवर साथ आणल्याचा आळ आला. एका सकाळी शाळेच्या फाटकावर ही गर्दी!

"त्यांना काढा, नाहीतर आमची पोरं घरी नेतो!" वस्तीतले शिंपीकाका ओरडत होते. मागून कुणीतरी फाटक गदागदा हलवलं.

मुख्याध्यापिकाबाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "ताप पाण्यातून येतोय, डॉक्टरांनी सांगितलंय," त्या म्हणाल्या.

"डॉक्टरांचं काय जातंय सांगायला!"

बाईंनी फाटक उघडलं. शिपाई कुजबुजला, "बाई, नको!"

"शिंपीकाका, आत या. आज त्या मुलांशेजारी बसा. मीही बसते."

काका इकडेतिकडे बघू लागले. आता माघार घ्यावी तर अब्रू जायची! शेवटी ते उंबऱ्याच्या आत आले. बाकावर अंग चोरून बसले खरे, पण शेजारच्या पोरीने पाटी पुढे केली तेव्हा अक्षर गिरवून द्यावंच लागलं.

अर्धे वर्ग आठवडाभर रिकामेच राहिले. रोज संध्याकाळी बाई काकांना बरोबर घेऊन दारोदार फिरल्या, पाणी उकळून प्या म्हणून सांगत. कुणी ऐकलं, कुणी तोंडावर दार लावलं. ज्यातून घाण पाणी येत होतं ती फुटलेली जलवाहिनी दुरुस्त झाली, ताप ओसरला, मुलंही हळूहळू परतली.

मजुरांची मुलं शाळेतच राहिली. बाईंना शहरातल्या मोठ्या शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "इथे अजून बरीच दारं ठोठावायची राहिलीत."